क्यूएमूचं घड्याळ आणि खाडीची भरती : एम्युलेटर आणि बाहेरचं सिम्युलेशन एका वेळेवर कसं चालवायचं

रत्नागिरीकडच्या खाड्यांवर खारबंधारे आहेत आणि त्या बंधाऱ्यांना उघाड्या आहेत. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. मी आणि एक मित्र मिळून अशा उघाडीचं पान मोटरने वरखाली करणारा एक छोटा कंट्रोलर बनवतोय. फर्मवेअर, म्हणजे कंट्रोलरच्या चिपवर चालणारा प्रोग्राम, लिहून झालं, पण टेस्ट कुठे करायची? उधाणापासून (सगळ्यात मोठी भरती) भांगापर्यंत (सगळ्यात छोटी) आणि परत उधाणापर्यंत एक फेरा म्हणजे जवळजवळ १४.७७ दिवस, तेवढे दिवस बंधाऱ्यावर लॅपटॉप घेऊन बसायचं म्हटलं तर आधी डास खातील आणि मग पाऊस. म्हणून फर्मवेअर क्यूएमूत, म्हणजे दुसऱ्या मशीनची लॅपटॉपवर नक्कल करणाऱ्या एम्युलेटरमध्ये, चालवलं, खाडीचं सिम्युलेशन बाहेर पायथनमध्ये लिहिलं, दोन्ही सॉकेटने (दोन प्रोग्रामना एकमेकांशी बोलायची जोडणी) जोडले, आणि तिथून पुढचे तीन आठवडे डोकं धरून बसलो.

कारण सगळं चालत होतं पण दर वेळी वेगळं चालत होतं. लॅपटॉपवर ब्राउझर उघडला की कंट्रोलर म्हणायचा सेन्सरचा रिप्लाय आला नाही, ब्राउझर बंद केला की सगळं सुरळीत.

रापण ओढताना बघितलीय ना? जाळ्याची दोन टोकं, दोन्हीकडे माणसं, आणि दोन्ही बाजू सारख्याच ओढायला लागतात. एक बाजू पुढे गेली की जाळं तिरपं होतं आणि मासळी निसटते. इथेही तेच आहे, क्यूएमू एक टोक आणि सिम्युलेशन दुसरं टोक, आणि दोघं आपापल्या जोराने ओढतायत.

(कमांड आणि ऑप्शन इथे देवनागरीत लिहिलेत, टाईप करताना अर्थातच रोमनमध्ये करायचे.)

आधी क्यूएमूची घड्याळं ओळखून घ्या

क्यूएमूच्या आत एकच घड्याळ नसतं. रिअलटाईम नावाचं एक आहे जे मशीन थांबलं तरी चालत राहतं, होस्ट नावाचं एक आहे जे तुमच्या लॅपटॉपची भिंतीवरची वेळ दाखवतं, आणि आपल्याला हवं ते व्हर्च्युअल, जे मशीन चालू असेल तेव्हाच पुढे सरकतं. गेस्टच्या, म्हणजे क्यूएमूत चालणाऱ्या मशीनच्या, आतले टायमर (फर्मवेअरला दिसणारा सिस्टिक वगैरे) या व्हर्च्युअल घड्याळावर बांधलेले असतात. पण नेहमीच्या मोडमध्ये मशीन चालू असेपर्यंत हे व्हर्च्युअल घड्याळही लॅपटॉपच्या वेळेनेच पळतं, फर्मवेअरच्या किती इन्स्ट्रक्शन झाल्या याच्याशी त्याचं काही घेणंदेणं नसतं. लॅपटॉप दुसऱ्या कामात अडकला की गेस्टच्या इन्स्ट्रक्शन कमी होतात पण त्याची वेळ मात्र तेवढीच जाते. माझा सेन्सरचा टाईमआऊट तिथेच येत होता.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तो स्टॉप आणि कॉन्टिन्यूचा : क्यूएमपी (क्यूएमूला बाहेरून हुकूम द्यायची सोय) सॉकेटवरून मशीन थांबवा, सिम्युलेशन एक पाऊल पुढे न्या, मशीन चालू करा. मीही केलं. चालतं, पण नेमकं किती नॅनोसेकंद चाललं आणि कुठे थांबलं यावर तुमचा ताबा नसतो. दहा-वीस मिलिसेकंद इकडेतिकडे चालत असतील तर हे पुरे आहे, पुढचं वाचायची गरज नाही. केव्हीएम (गेस्टचा कोड थेट लॅपटॉपच्या प्रोसेसरवर चालवणं) वापरायचंच असेल तरीही हाच मार्ग राहतो, कारण खाली सांगतोय ते फक्त टीसीजीवर, म्हणजे क्यूएमू स्वतः इन्स्ट्रक्शनचं भाषांतर करून चालवतो त्या मोडवर, चालतं.

पायरी १ : वेळ इन्स्ट्रक्शनला बांधा

क्यूएमूमध्ये आयकाउंट नावाचा ऑप्शन आहे. तो दिला की प्रत्येक इन्स्ट्रक्शनला ठरावीक व्हर्च्युअल वेळ लागते, २ चा शिफ्टवा घात इतके नॅनोसेकंद. शिफ्ट ० म्हणजे १ नॅनोसेकंद, शिफ्ट ३ म्हणजे ८, शिफ्ट ६ म्हणजे ६४, आणि जास्तीत जास्त १० देता येतं, म्हणजे १०२४. मी एमपीएस२-एएन३८५ बोर्ड वापरतो, त्यात कॉर्टेक्स-एम३ आहे आणि क्लॉक २५ मेगाहर्ट्झ, म्हणजे एक सायकल ४० नॅनोसेकंदांची. शिफ्ट ५ घेतलं तर ३२ आणि ६ घेतलं तर ६४. मी ६ घेतलं, कारण खऱ्या चिपवर प्रत्येक इन्स्ट्रक्शन एका सायकलमध्ये होत नाही आणि मला फर्मवेअर थोडं हळू चाललेलं परवडतं, थोडं जास्त वेगवान नाही.

-आयकाउंट शिफ्ट=६,स्लीप=ऑफ -आरटीसी बेस=२०२५-०६-०१,क्लॉक=व्हीएम

यातला प्रत्येक तुकडा महत्त्वाचा आहे. शिफ्टला ऑटो देऊ नका, ऑटोमध्ये क्यूएमू व्हर्च्युअल वेळ खऱ्या वेळेच्या जवळ ठेवायला स्वतःच शिफ्ट बदलत राहतो, आणि आपल्याला खऱ्या वेळेशीच फारकत घ्यायचीय. स्लीप=ऑफ म्हणजे फर्मवेअर झोपलं, इंटरप्टची वाट बघत बसलं, की घड्याळ सरळ पुढच्या टायमरच्या वेळेवर उडी मारतं. स्लीप=ऑन असेल तर झोपेतली वेळ खऱ्या वेळेने जाते. नावावरून गोंधळ होतोच, माझाही झाला, म्हणून एक साधी चाचणी करा : गेस्टमध्ये दहा सेकंदांची झोप घालणारा कोड चालवा आणि हातातल्या घड्याळात बघा. डोळ्याचं पातं लवायच्या आत परत आला तर उडी मारतोय, दहा सेकंद लागले तर नाही.

आरटीसीचं (तारीख-वेळ सांभाळणारं घड्याळ) क्लॉक=व्हीएम विसरलात तर मजा बघा. आयकाउंट छान चालतो, पंधरवडा काही मिनिटांत संपतो, पण बोर्डाला जोडलेल्या आरटीसी चिपची तारीख लॅपटॉपच्या वेळेने चालते, म्हणजे भरती-ओहोटी अठ्ठावीस वेळा होऊन जाते आणि फर्मवेअरच्या लॉगमध्ये तारीख तीच.

एक गोष्ट मान्य करून पुढे जा : आयकाउंट म्हणजे सायकलनिशी अचूकपणा नाही. भागाकार असो की साधी बेरीज, दोघांना तेवढाच वेळ. कॅश नाही, पाईपलाईन नाही. यातून मिळतं ते एवढंच की तोच इनपुट दिला की तेच आउटपुट तेवढ्याच व्हर्च्युअल वेळी येतं. शिवाय आयकाउंटमध्ये सगळे कोअर एकाच थ्रेडवर आळीपाळीने चालतात, त्यामुळे मल्टीकोअर गेस्ट असेल तर वेग पडतो.

पायरी २ : डेटा आणि वेळ एकाच दारातून

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला म्हणून इथेच जास्त लिहितोय.

माझा पाण्याच्या पातळीचा सेन्सर मॉडबसवर (उपकरणांनी एकमेकांशी बोलायची एक ठरलेली पद्धत) बोलतो, आरएस-४८५ तारांवर, ९६०० बॉड, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट. मी काय केलं, क्यूएमूच्या सिरीयल पोर्टला सॉकेटचं कॅरेक्टर डिव्हाईस (बाईट आत-बाहेर नेणारी क्यूएमूची जोडणी) लावलं आणि त्याचं दुसरं टोक पायथनमध्ये घेतलं. सगळे असंच करतात. पण त्या सॉकेटवर आलेला बाईट क्यूएमूच्या मेन लूपला जेव्हा मिळेल तेव्हा तो गेस्टला देतो, आणि 'जेव्हा मिळेल तेव्हा' हे खऱ्या वेळेत आहे. म्हणजे घड्याळ आपण इन्स्ट्रक्शनला बांधलं आणि डेटा मात्र मागच्या दाराने वेळेची ओळख नसताना आत येतोय. गेस्ट झोपलेला, घड्याळाने ५०० मिलिसेकंदांची उडी मारली, टाईमआऊट झाला, आणि मग खऱ्या वेळेत २ मिलिसेकंदांनी रिप्लाय येऊन पोचला. बिचाऱ्या पायथनची काही चूक नाही.

म्हणून नियम असा की सिम्युलेशनकडून गेस्टला जाणारी प्रत्येक गोष्ट, बाईट असो, लिमिट स्विच (पान टोकाला पोचलं हे सांगणारा) असो, करंट असो, ती व्हर्च्युअल वेळेचा शिक्का मारून त्याच सॉकेटवरून आली पाहिजे ज्यावरून 'पुढे जा' हा निरोप येतो. दुसरं दार ठेवायचंच नाही.

यासाठी क्यूएमूत स्वतःचं एक छोटं डिव्हाईस लिहायला लागतं. घाबरायचं काम नाही, दोन-तीनशे ओळींचं सी आहे. मेमरी मॅपमध्ये रिकामी जागा बघून थोडे रजिस्टर ठेवायचे : एक बाईट पाठवायला, एक घ्यायला, एक मोटरला, एक स्विच वाचायला, आणि एक इंटरप्टची लाईन. फर्मवेअरचा सिरीयल ड्रायव्हर तेवढ्यापुरता बदलून या रजिस्टरवर आणा.

पायरी ३ : फाटकाचा टायमर

या डिव्हाईसच्या पोटात एक टायमर ठेवा, व्हर्च्युअल घड्याळावरचा. तो 'परवानगी कुठपर्यंत' या वेळेला, म्हणजे सिम्युलेशनने क्यूएमूला जिथपर्यंत चालायची मुभा दिलीय तिथे, लावायचा. काम असं चालतं :

टायमर वाजला
→ सिम्युलेशनला पाठव : "मी अमुक नॅनोसेकंदांपर्यंत आलो", सोबत या काळात गेस्टने जे जे लिहिलं ते वेळेसकट
→ सॉकेटवर उत्तर येईपर्यंत थांब
→ उत्तर : नवी परवानगी कुठपर्यंत, आणि गेस्टला द्यायच्या घटना त्यांच्या वेळेसकट
→ प्रत्येक घटनेसाठी वेगळा टायमर लाव, फाटकाचा टायमर नव्या परवानगीवर लाव, परत जा

आयकाउंटची गंमत इथे कळते. क्यूएमू प्रत्येक वेळी पुढच्या टायमरपर्यंत किती इन्स्ट्रक्शन बसतात ते मोजतो आणि तेवढ्याच चालवतो, त्यामुळे गेस्ट परवानगीच्या पुढे पळूच शकत नाही. आणि स्लीप=ऑफची उडीसुद्धा पुढच्या टायमरपर्यंतच असते, तो टायमर आपलाच आहे. कुत्रा किती जोरात पळाला तरी साखळी आपल्या हातात.

फक्त गणित एका इन्स्ट्रक्शनच्या मापाने वर गोल होतं, शिफ्ट ६ असेल तर टायमर ६४ नॅनोसेकंदांपर्यंत उशिरा वाजू शकतो. म्हणून नवी वेळ ठरवताना 'आत्ताची वेळ अधिक २ मिलिसेकंद' असं कधीही करू नका, तो उशीर साठत जातो. आधीच्या परवानगीची जी वेळ होती तिच्यापासूनच मोजा. आणि सगळी वेळ ६४ बिटी पूर्णांकात, नॅनोसेकंदात. पायथनमध्ये ०.००२ ची बेरीज लाखो वेळा केली की काय होतं ते मी बघितलंय, बायनरीत ०.००२ नेमका मावतच नाही. पूर्णांकात २९२ वर्षं मावतात, आपल्या उघाडीला तेवढी पुरे.

टायमरच्या आत थांबून राहिलं की क्यूएमूचं मोठं कुलूप आपल्याच हातात राहतं, म्हणजे त्या वेळात मॉनिटरही उत्तर देत नाही. सिम्युलेशन क्रॅश झालं तर क्यूएमू गोठल्यासारखा दिसतो. सॉकेट बंद झालं की मशीन बंद करायचं, एवढा कोड पहिल्याच दिवशी लिहा. सॉकेट युनिक्स घ्या. टीसीपीच घ्यायचं असेल तर नो-डिले चालू करा, नाहीतर छोट्या निरोपांना लिनक्सवर ४० मिलिसेकंदांपर्यंत उशीर लागतो आणि दोष मात्र तुम्ही क्यूएमूला देत बसता.

पायरी ४ : पाऊल केवढं ठेवायचं

आधी क्रम ठरवा. क्यूएमू पुढे, सिम्युलेशन मागे. क्यूएमू एक पाऊल चालतो, मग सिम्युलेशन तेवढंच पाऊल चालतं. याचा फायदा असा की गेस्टने जे काही केलं ते सिम्युलेशनला नेमक्या वेळेसकट मिळतं, चूक होऊ शकते ती फक्त उलट्या दिशेला, म्हणजे सिम्युलेशनची घटना गेस्टला पावलाच्या शेवटी मिळते, आधी नाही.

मग पाऊल केवढं? सिम्युलेशन गेस्टला कमीत कमी किती वेळाने उत्तर देऊ शकतं, तेवढं किंवा त्याच्याहून छोटं. मॉडबस आरटीयूमध्ये फ्रेम संपली हे कळायला साडेतीन अक्षरांची शांतता लागते. ९६०० बॉडला ११ बिटांचं एक अक्षर म्हणजे साधारण १.१५ मिलिसेकंद, साडेतीन अक्षरं म्हणजे ४ मिलिसेकंद. सेन्सर त्याआधी बोलूच शकत नाही. म्हणून पाऊल २ मिलिसेकंदांचं ठेवलं तर सेन्सरच्या बाबतीत चूक शून्य. कमी नाही, शून्य. समांतर सिम्युलेशनवाले याला लुकअहेड म्हणतात आणि १९७० च्या दशकाच्या शेवटी चँडी, मिश्रा आणि ब्रायंट यांनी जे काम केलं त्याच्या बुडाशी हीच कल्पना आहे.

आता हिशेब करा. एक निरोप जाऊन यायला समजा ५० मायक्रोसेकंद लागतात. भरतीचा मुख्य घटक एम२, त्याचा फेरा १२.४२ तासांचा, म्हणजे ४४,७१२ सेकंद. २ मिलिसेकंदांच्या पावलाने सव्वादोन कोटी निरोप, साधारण १९ मिनिटं. चालेल. पण उधाण ते उधाण करायचं तर १२ लाख ७६ हजार सेकंद, जवळजवळ नऊ तास फक्त निरोपांत. रात्री लावून झोपावं म्हटलं तर पावसात आमच्याकडे लाईट सलग नऊ तास राहील याची खात्री कोण देणार.

पायरी ५ : परवानगी मोठी द्या, पण तोडता आली पाहिजे

कंट्रोलर सेन्सरला सेकंदातून एकदा विचारतो. मधल्या वेळात बसवर (सेन्सरच्या तारेवर) कोणी बोलत नाही, कारण मॉडबसमध्ये मास्टरने (इथे कंट्रोलरने) विचारल्याशिवाय सेन्सर तोंड उघडत नाही. मग परवानगी २ मिलिसेकंदांची कशाला, १ सेकंदाची द्या. आणि गेस्टने मध्येच बाईट लिहिला तर आपलं डिव्हाईस त्याच क्षणी फाटकाचा टायमर अलीकडे ओढतं : आत्ताची वेळ अधिक २ मिलिसेकंद. इथे मात्र 'आत्ताची वेळ' बरोबर आहे, कारण बाईट खरंच त्या वेळेला गेलाय. क्यूएमू मागे जात नाही, फक्त ठरल्यापेक्षा लवकर थांबतो, आणि सिम्युलेशन अजून पावलाच्या सुरुवातीलाच उभं असल्यामुळे त्यालाही काही उलटं करायला लागत नाही. टायमर अलीकडे ओढला की क्यूएमू चालत्या सीपीयूला बाहेर काढून इन्स्ट्रक्शनचा हिशेब परत मांडतो, ते तुम्हाला वेगळं करायला लागत नाही. आलेल्या निरोपात 'मी इथपर्यंतच आलो' ही खरी वेळ पाठवा, सिम्युलेशनने तेवढंच चालायचं.

सेकंदाला सहाएक निरोप होतात. पंधरवड्याचे निरोप साडेसहा मिनिटांत उरकतात, वर गेस्टला स्वतःचा कोड चालवायला लागेल तो वेळ.

आता माझी चूक. बसचं सगळं नीट केलं आणि मोटर विसरलो. मोटर चालू असताना लिमिट स्विच सिम्युलेशनकडून स्वतःहून येतो, त्याला कोणी विचारत नाही. परवानगी १ सेकंदाची, पान खाली येतंय, स्विच लागला पण गेस्टला कळलं पाऊल संपल्यावर, तोवर पान तळाला टेकून मोटरचा करंट वर गेलेला आणि सिम्युलेशनमधली ओव्हरलोड रिले पडलेली. अर्धा दिवस मी फर्मवेअरमध्ये बग शोधत होतो. म्हणून मोटर चालू करणारं रजिस्टर लिहिलं की तिथेही परवानगी तोडायची, आणि मोटर चालू असेपर्यंत सिम्युलेशनने २ मिलिसेकंदांच्यावर परवानगी द्यायचीच नाही. स्वतःहून बोलणारी प्रत्येक गोष्ट एका कागदावर लिहून काढा, ती कधी जागी असते ते समोर लिहा, मोठी परवानगी फक्त सगळ्या झोपलेल्या असताना.

तयार काही मिळतं का

मिळतं. क्यूएमू ९.१ पासून टीसीजी प्लगइनला वेळेचा ताबा मागता येतो आणि घड्याळ पुढे ढकलता येतं, आयपीएस नावाचं नमुन्याचं प्लगइन सोर्समध्येच आहे. मूळ क्यूएमूला हात न लावता काम होतं हा मोठा फायदा, फक्त ते आणि आयकाउंट एकत्र करायच्या भानगडीत पडू नका. सिस्टिमसी (हार्डवेअरची मॉडेलं लिहायची सी++ लायब्ररी) वापरणाऱ्यांसाठी झायलिंक्सच्या क्यूएमूमध्ये रिमोट पोर्ट आणि सिंक क्वांटमचा, म्हणजे पावलाच्या लांबीचा, ऑप्शन आहे. रीनोड या दुसऱ्या एम्युलेटरमध्ये क्वांटम आधीपासूनच आहे, तुमचा बोर्ड त्यात असेल तर आधी तेच बघा. आणि क्यूटेस्टमध्ये (क्यूएमूचा टेस्टसाठीचा मोड) घड्याळ पाऊल-पाऊल पुढे न्यायची कमांड दिसली म्हणून खूश होऊ नका, त्या मोडमध्ये सीपीयू इन्स्ट्रक्शन चालवतच नाही, ते डिव्हाईसच्या टेस्टसाठी आहे.

तपासणी

सगळे लॉग व्हर्च्युअल वेळेने लिहा. तीन वेळा चालवा : एकदा शांत लॅपटॉपवर, एकदा मागे मोठं कंपाईल लावून, एकदा जीडीबीने (डीबगरने) मध्येच थांबवून चहा पिऊन येऊन. तिन्ही लॉगचा एमडी५ (फाईलमधल्या मजकुरावरून काढलेला ठसा) एकच आला पाहिजे. जीडीबीच्या वेळी सिम्युलेशनने कंटाळून सॉकेट तोडलं तर त्यात कुठेतरी खऱ्या वेळेचा टाईमआऊट राहिलाय, तो काढा. लॉग वेगळे आले तर पहिली वेगळी ओळ शोधा, बहुतेक वेळा तिथे एखादं मागचं दार सापडतं. माझ्याकडे पायथनमधला रँडम होता, सीड (सुरुवातीचा ठरावीक आकडा) न दिलेला, लाटांसाठी टाकलेला.

स्नॅपशॉट घेताना फाटकावरच घ्या आणि सिम्युलेशनची स्थितीही त्याच वेळी वेगळी सेव्ह करा, क्यूएमूला बाहेरच्या खाडीची काही खबर नसते.

तिन्ही एमडी५ जुळले त्या दिवशी मी भरतीच्या वेळांची यादी प्रिंट करून ओटीवर ठेवली होती. शेजारचे काका आले, आयुष्यभर होडीवर गेलेले, त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "चतुर्थीला भरती साडेनऊला रे कशी?" तिथीची पाऊणपट करायची, हा इथला हिशेब, चतुर्थी म्हणजे चार, चाराची पाऊणपट तीन, भरती तीनच्या सुमाराला. माझी साडेपाच तास अलीकडे. आरटीसीचा बेस यूटीसी धरला जातो आणि माझं भरतीचं टेबल भारतीय वेळेत होतं. दोन्ही घड्याळं एकमेकांशी नॅनोसेकंदापर्यंत जुळलेली, फक्त चंद्राशी नाही. आता सॉकेटवरून फक्त शून्यापासूनचे नॅनोसेकंद जातात, आणि तारीख-वार करायचं काम सिम्युलेशनमधल्या एकाच फंक्शनमध्ये होतं, त्याच्या टेस्टमध्ये चतुर्थी आणि तीन वाजता ही जोडी कायमची टाकून ठेवलीय.